सव्वीस

वर्सितोच्या घरात शिरताना वाकावं लागतं.
चौकट जुनीच, तिची उंचीही तीच;
जमीन मात्र तीनदा वर आली.
आली कसली, आणली,
टोपल्या-टोपल्यांनी, विटांच्या चुऱ्याने,
समुद्र ओसरीवर बसायला लागला तेव्हा तेव्हा.
"पूर्वी छताला हात पोचायचा नाही," तो म्हणतो,
आणि उभ्या उभ्या पत्र्यावर टिचकी मारून दाखवतो.
खिडकी आता गुडघ्याशी. तिच्यातून कोंबड्या ये-जा करतात.

जावाच्या या उत्तर किनाऱ्यावर समुद्राचा दांडगावा नाही.
गढूळ, बशीत ओतलेल्या चहासारखा.
घाई नसलेल्या माणसासारखा तो गाव खातो,
कडेकडेने.

होडी जाते ती रस्त्यावरून.
दोन्ही बाजूंना विजेचे खांब, तारा नसलेले.
"डावीकडे शाळा," वर्सितो सांगतो.
डावीकडे एक बगळा,
पाण्याखालच्या कशावर तरी उभा.

मग ते कुंपण.
बांबूच्या दोन रांगा, मध्ये काटक्यांच्या मोळ्या,
वरून जुनं मासेमारीचं जाळं करकचून बांधलेलं.
मी आयुष्यभर भिंती मोजलेला माणूस,
पटकन म्हणालो, पाणी तर आरपार जातंय.
"जाऊ दे की.
अडवलं की चिडतं, पायाखालचं उकरतं."
त्याने हनुवटीने दाखवलं:
पलीकडे काँक्रीटची भिंत तोंडावर पडलेली,
पाठीवर कालवं.
"त्यानं आत यावं, जरा टेकावं,
आणि जाताना खिशातलं इथेच विसरावं.
एवढंच हवंय आम्हाला."

कुंपणाच्या आत
पाणी खरंच दमल्यासारखं होतं.

माझ्या हातात कांदळाचं एक रोप होतं,
काळ्या पिशवीतलं, शहरातून विकत घेतलेलं.
पायात भाड्याचे बूट, मापाला मोठे.
सुतार्मीबाईंनी रोपाकडे पाहिलं, मग बुटांकडे.
"ठेवा ते होडीत.
टोप्या घातलेली माणसं आली होती मागे,
ओळीत लावून गेली, हजारो. फोटो निघाले.
सहा महिन्यांत काठ्या उरल्या."
"मग तुम्ही काय लावता?"
"काही नाही. आम्ही चिखल मोजतो."

आणि रोपाऐवजी त्यांनी माझ्या हातात बांबू दिला,
लाल रंगाच्या खुणांचा.
मी तो खाली सोडला. मऊ लागलं,
मग त्याहून जरा कमी मऊ.
"सव्वीस," मी म्हणालो.
त्यांनी परत मोजलं. सव्वीसच.

शाळेची वही, दोरीला बांधलेली पेन्सिल.
चोवीस. पंचवीस. पंचवीस.
एके ठिकाणी एकदम एकोणीस,
आणि शेजारी वादळाची तारीख, कागदात रुतलेली.
मग पुन्हा वीसपासून.
"किती झाले की पुरे?"
उत्तराऐवजी त्यांनी पाण्यातल्या एका टोकाकडे बोट केलं,
कबरस्तानाच्या कमानीचं टोक ते.
"तिथवर भरलं की आमचे हे कोरडे होतील.
तोवर भिजू देत.
जिवंतपणी तरी कुठे कोरडे घरी आले कधी?"
आणि हसल्या, असं की मलाही हसावं लागलं.

परतताना कोपऱ्यात, जिथे गाळ उघडा पडला होता,
हिरवं काहीतरी दिसलं.
वालाच्या दाण्याएवढं बी, फुटलेलं,
दोन पानं, पाय रोवण्याच्या बेतात.
ते ब्रायो म्हणतात. आमच्याकडे तिवर.
मी हळूच विचारलं, हे कुणी लावलं?
वर्सितोने इंजिन बंद केलं,
लाट उठू नये म्हणून,
आणि वल्ह्याने होडी लांबून काढली.
उत्तर दिलं नाही.

निघताना मी वाकायला विसरलो.
चौकट कपाळावर सणसणीत बसली.
"सगळ्यांना बसते," आतून आवाज आला.
माझं रोप ओट्यावर ठेवलं होतं.
शेळीने निम्मं खाल्लं होतं,
उरलेलं चघळत
ती माझ्याकडे बघत होती.